पाटीतली भाची आणि उपाशी मामा

नल्लकुंटा, हैदराबाद
११ जानेवारी १९९६

ती. कुसुमताईच्या पायांशी धाकट्या दिगूचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? नांदेडला थंडी असेल, जपून राहा. इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे मंगळवारपासून मी हादरलेला आहे.

झालं असं. हर्षदाच्या होणाऱ्या सासूबाई, सत्यवतीबाई, साखरपुड्यातच म्हणाल्या की आम्हा तेलुगू लोकांत नवरीला बांबूच्या पाटीत बसवून मेनमामानं (म्हणजे मीच) मांडवात उचलून आणायचं असतं. ताई, भाऊजी असते तर थाटानं कन्यादानाला बसले असते. ते नाहीत, तर निदान मामाचं काम तरी चोख व्हावं, हे मी मनाशी धरलं. पण वय एक्कावन्न, वजन चौऱ्याऐंशी, आणि कचेरीचा एक जिना चढलो की वरच्या पायरीवर बसकण मारतो. म्हणून आमच्या कोपऱ्यावर निघालेल्या हेल्थ क्लबात नाव घातलं. (देश खुला झाल्यापासून तालमीला भिंतभर आरसे लागतात. माणसाला चारी बाजूंनी आपलंच पोट दिसतं. असली वेळ वैऱ्यावरही येऊ नये.) तिथल्या कुलदीप मास्तरानं एक तक्ता व्यायामाचा दिला आणि एक जेवणाचा. त्यात दिवसातून पाच वेळा खाणं! मी म्हटलं, पोरगा कच्चा आहे. वजन उतरवायला आलेल्याला कुणी खायला सांगतं? तेव्हा व्यायाम त्याचा आणि पथ्य आपलं, असं परस्पर ठरवून टाकलं. सोमवार, गुरुवार, शनिवार नि दोन्ही एकादश्या कडक उपास (तुझ्या भावजयीनं, निर्मलानं, केलेली साबुदाण्याची खिचडीसुद्धा परत पाठवली, त्यावर ती आठवडाभर बोलली नाही), उरलेल्या दिवशी एक भाकरी नि ताक. दोन महिन्यांत सात किलो उतरले! गौलीगुड्यापर्यंत पायी जाऊन ओळखीच्या प्रत्येक दुकानदाराला सांगून आलो.

मंगळवारी परीक्षा म्हणून पाटीत हर्षदाच्या वजनाइतकी ज्वारी भरली, वाकलो, नि डोळ्यांपुढे काजवे चमकले. शुद्धीवर आलो तेव्हा ज्वारी घरभर पसरली होती नि निर्मला आधी ती गोळा करत होती. कोठी भागातल्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, खाता काय? मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अजी, पेट तो वहींच है! हातपाँव की ताकत गई तुम्हारी!" ताई, मी गारच पडलो. ज्या दंडांनी पोरीला उचलायचं तेच झिजवले, नि पोटाला धक्का नाही! आता हुकूम असा, की व्यायाम रोज, आणि डाळ, उसळ, दही, भाकरी पोटभर. वजन सावकाश उतरेल, पण जेवूनच. पोटभर जेवा, असं सांगून फी घेणारा डॉक्टर मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

बाकी भेटीत. लग्नाला महिना आहे.

तुझा (सध्या जेवणारा)
दिगू

ता. क. पाकीट चिकटवणार तोच सत्यवतीबाई आल्या. पाटी म्हणे चौघं मिळून उचलतात. मामा फक्त पुढच्या बाजूला! "एकट्यानं उचलायची असं कोण बोलला तुम्हाला?" कुणीच नाही. मी विचारलंच नव्हतं.

आणखी एक ता. क. काल हर्षदाचा फोन आला होता. माझी पाठ जाऊ नये म्हणून ती महिनाभर नुसत्या काकडीवर आहे, आणि तुला मैत्रिणीकडे जेवून आले म्हणून सांगते. आईला पत्रात कळवायचं नाही अशी तिनं शपथ घातली, म्हणून पत्रात लिहिलं नाही, ता. क.मध्ये लिहितो आहे. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो. ऐकल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तिला सांग, उचलायला चौघं आहेत. आजच समोर बसवून पोटभर जेवू घाल, हवं तर रागव. उचलताना माझ्या हाताला नुसती पाटी नाही, भाची लागली पाहिजे.