माजिवड्याचं शेत दिलं, वसंता

प्रिय वसंता,

बापाने मुलाला पत्र लिहायचं तर वर 'चिरंजीव' लिहितात. हात धजला नाही रे. तू जाऊन तीन वर्षं झाली. आज लिहितोय, कारण माजिवड्याचं आपलं भाताचं शेत मी आज देऊन टाकलं, आणि हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

एक गिरणीमालक शेठ तिथे स्वतःच्या खर्चाने फुटबॉलचं स्टेडियम बांधणार आहेत. आपल्या ठाण्यात! शेजाऱ्यांनी जमिनी दिल्या. मधोमध आपलं शेत, आणि मी दोनदा नकार दिला. ज्या खेळाने मुलगा नेला, त्याला जमीनही द्यायची?

खोपटच्या त्या खडकाळ माळावर तू अनवाणी खेळायचास. गंजका पत्रा पायात घुसला, आणि माझ्या धाकाने तू चार दिवस लपवलंस. का रे लपवलंस? इतका का मी कठोर होतो?

धनुर्वाताने तुझा जबडा आवळला होता आणि मी उशाशी उभा राहून म्हणालो, "सांगत होतो, खेळू नकोस म्हणून!" ते तू ऐकलंस. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य ते.

गेल्या रविवारी तुमचा कप्तान जॉन स्टेडियमचा नकाशा घेऊन आला. शेठच्याच गिरणीत आहे तो आता.

"माझं उत्तर तुला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"ठाऊक आहे, मास्तर. पण पोरं अजून खोपटलाच खेळतात. अनवाणीच."

तुझी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आणि या स्टेडियमात त्यांना कोण घेणार? की नुसता शेठचा संघ खेळणार?"

तेच विचारायला जॉन शेठकडे परत गेला. आज शेठ स्वतः आले. सकाळचं मैदान गावच्या मुलांना मोकळं राहील, आणि प्रेक्षकांसाठी पायऱ्या बांधण्याआधी माती चाळून हिरवळ लावली जाईल, असं त्यांनी लिहून दिलं.

"वसंताच्या नावाचा दगड बसवू," असंही म्हणाले.

"दगड नको," तुझी आई म्हणाली. "पाय धुवायला नळ ठेवा. आणि औषधाची पेटी."

मी सही केली.

ते गेल्यावर तिने विचारलं, "तुम्ही त्याला खेळताना कधी पाहिलंत?"

नाही रे पाहिलं. एकदाही नाही! ती मात्र बाजाराच्या निमित्ताने माळाच्या कडेला जाऊन उभी राहायची. मला आज कळलं. "धावताना हसायचा," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

वसंता, पहिल्या सामन्याला मी जाईन. खेळातलं काही कळलं नाही तरी शेवटपर्यंत बसेन. आणि कुणाचं पोर पडलं, तर आधी त्याचा पाय बघेन. रागावणार नाही.

तुझा,
अण्णा