पाठीवरची वेल

५ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या दुकानाचा फोटो पोचला. पाटी झकास आहे, कौतुक तेवढ्यापुरतंच. तुझ्या वहिनीने फोटो कपाटावर उभा केला, मी पालथा केला, तिने पुन्हा उभा केला. आठवडाभर आमचं हेच चाललं आहे.

बावीस वर्षं मी तुरुंगात पहारा करतो आहे, त्यामुळे टॅटू काय असतो ते मला तू शिकवू नकोस. आमच्याकडे शिवणाची सुई, जळक्या रबराची काजळी आणि एका सुईवर सात जण असा कारखाना चालतो. गेल्या महिन्यात एकाचा हात कोपरापर्यंत काळानिळा पडला आणि शेवटी कापावा लागला. त्याने आईचं नाव गोंदवून घेतलं होतं. नाव हातासकट बादलीत गेलं. नवीन कैदी आला की आम्ही त्याचा शर्ट उतरवतो. ज्याच्या अंगावर चित्रं जास्त, त्याला मी लांबची कोठडी देतो, आणि माझा अंदाज आजवर चुकलेला नाही. याउलट आमचे जमादार बघ. माझ्याहून एक पायरी वर, पण अंगावर एक ठिपका नाही आणि शर्टाची घडी कधी मोडलेली नाही. माणूस कातडीवरून कळतो.

वहिनी विचारते की सुई हाडापर्यंत जाते का, शाई रक्तात मिसळते का, आणि टॅटूवाल्यांचं रक्त म्हणे कुणी घेत नाही, ते खरं का. मी म्हटलं, घेऊच नये. दुकान बंद करून पुन्हा शाळेत चित्रकला शिकवायला लाग, एवढंच सांगणं.

रागावलो असलो तरी तुझाच,
दादा


१२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि मग त्या हाताचं वाचून जेवण गेलं नाही. पण दादा, तो हात शाईने खाल्ला नाही, सात जणांच्या सुईने खाल्ला. माझी सुई माणसागणिक नवी असते, गिऱ्हाइकासमोर पाकीट फोडते. वहिनीला सांग, सुई हाडापासून फार लांब, कातडीच्या वरच्या थरांतच फिरते. रक्तही घेतात. ताजं काम असेल तर काही महिने थांबवतात, इतकंच.

माझं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे सामान वाहणारा एक पैलवान. मानेवर कवटी, दोन्ही दंडांवर साप. तू त्याला सगळ्यांत लांबची कोठडी दिली असतीस. तो सुईला इतका घाबरतो की बायकोचा हात धरून बसतो. तिचे स्वतःचे हात खांद्यापर्यंत रंगलेले आहेत आणि ती त्याला बावळट म्हणते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही म्हणून लिहिते. तुमच्या बाजूची एक बाई एकाआड एक मंगळवारी तीन तास बसने येते. घरी सांगते की दाताच्या डॉक्टरकडे जाते. मी तिला गमतीने दातवाली म्हणते, तीही हसते. पाठीवर इस्त्रीच्या टोकाचे पाच डाग आहेत, तिकोनी, एकाखाली एक. नवऱ्याने दिलेले. डाग जुने झाले, निबर झाले, म्हणून आता त्यांवर काम करता येतं. तिला वेल हवी आहे, कमरेपासून खांद्यापर्यंत. मी विचारलं की पाठ तर तुला दिसणार नाही, मग कशासाठी. म्हणाली, रोज अंघोळीला हात मागे गेला की तो लागतो, आता पान लागेल.

दादा, काही जण सुईखाली रडतात. ती झोपी जाते.

वहिनीला नमस्कार. फोटो उभाच राहू दे.

तुझी,
बारकी


२१ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुईचं पटलं, असं समज. कवटीवाल्याचं पटलं नाही.

तुझं पत्र भलतंच रंगतदार असतं. परवा चहाच्या वेळी आमच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. तो पैलवान बायकोचा हात धरतो त्यावर सगळे पोट धरून हसले. दातवालीवर तर जास्तच. बायको दाताच्या नावाखाली काय उद्योग करते ते नवऱ्याला ठाऊकच नाही, यावर सगळ्यांत मोठ्याने जमादार हसले. मग त्यांनी दुकानाचं नाव-गाव विचारलं, कुणा भाच्याला म्हणे हौस आहे. मी पत्ता दिला. बघ, मी नाही नाही म्हणत तुझा धंदाच वाढवतो आहे.

गुडघा दुखतो, बाकी ठीक. चिडलीस तरी उत्तर पाठवायला चुकू नकोस.

दादा


३ एप्रिल

दादास,

अक्षर लागत नसेल तर सावकाश वाच, डाव्या हाताने लिहिते आहे.

तुझं पत्र बुधवारी पोचलं. जमादार मंगळवारी पोचला होता.

दातवाली पालथी झोपली होती. तिसऱ्या डागावर पान भरत होते. बाहेरच्या खोलीत पैलवान बसला होता, मनगटावरचं आठवड्यापूर्वीचं काम दाखवायला आलेला. जिन्यावरून एक गृहस्थ आला, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. दुकान हेच का, असं नम्रपणे विचारलं. पैलवानाने आतलं दार दाखवलं. आता तो त्याबद्दल स्वतःला शिव्या देतो.

पिशवीत लोखंडी गज होता. पहिला फटका तिच्या बरगडीखाली. ती टेबलावरून खाली पडली, उघड्या पाठीने, आणि ओरडली नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं, जणू ओरडायचं नाही हे तिला पाठ होतं. दुसरा फटका डोक्यावर येत होता. मी मध्ये हात घातला. काड्या मोडल्यासारखा आवाज झाला आणि तो माझ्या हाताचा आहे हे मला क्षणभराने कळलं. तिसऱ्याला पैलवानाने मागून त्याची कॉलर धरली. त्याचं तोंड हात धुण्याच्या भांड्यावर आपटलं, भांडं फुटेपर्यंत. पांढऱ्या फरशीवर चिनीमातीचे तुकडे कुठले आणि दात कुठले ते ओळखू येत नव्हतं. तरी तो गज सोडत नव्हता, म्हणून पैलवान त्याच्या मनगटावर गुडघा देऊन बसून राहिला.

पोलिस आले, आणि त्यांनी बेड्या पैलवानाला घातल्या. मानेवर कवटी ना. इस्त्रीच्या शर्टवाल्याला त्यांनी पाणी दिलं. मी जमिनीवरून सांगत होते, कुणी ऐकत नव्हतं. शेवटी तिने बोट दाखवलं, तेव्हा बेड्या बदलल्या.

तिची प्लीहा फाटली होती. रक्त लागलं. पैलवान बाही वर करून उभा राहिला, पण मनगटावरचं काम ताजं म्हणून त्याला परत पाठवलं. मग त्याच्या बायकोने दिलं. शेवटचं काम तीन वर्षांपूर्वीचं, असं तिने अर्जात लिहिलं आणि त्यांनी घेतलं. वहिनीला कळव, तिने विचारलं होतं.

ती वाचेल. माझी दोन बोटं पुन्हा वाकायची नाहीत.

मी ते पत्र तुला लिहिलं होतं दादा, तुझ्या खोलीला नाही.

बारकी


१४ एप्रिल

चि. बारकीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

सफाई द्यायला काही नाही. ठाऊक नव्हतं, असं लिहिलं आणि फाडलं, कारण ते पूर्ण खरं नाही. दोन वर्षांपूर्वी एका समारंभात जमादारांची बायको भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांत आली होती. वहिनीने सहज पाठीवर हात ठेवला तर ती चटका बसल्यासारखी दचकली. वहिनीने घरी येऊन मला सांगितलं. मी तिला दटावलं की दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये. मग तुझं पत्र वाचताना इस्त्री शब्द आला, तेव्हा मी समोर त्यांच्याकडेच बघत होतो. ते हसत होते म्हणून मीही हसलो.

तुमच्या ठाण्यावर जाऊन जबानी दिली: पत्र मी वाचलं, पत्ता त्यांनी मागितला, मी दिला, मंगळवारची रजा त्यांनी त्याच दुपारी टाकली. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर त्यांच्या दोघा दोस्तांनी मला धुलाईखान्यात कोंडलं. ओल्या टॉवेलला गाठी मारून मारलं, वळ उठत नाहीत अशी ती पद्धत. कैद्यांवर ती वापरताना मी पाहिलेली आहे आणि तोंड फिरवलेलं आहे. दोन बरगड्या गेल्या. जबानी फिरवली नाही.

वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. तिचं बरोबर आहे.

यायची परवानगी मागत नाही. बोलावशील तेव्हा येईन.

दादा


२० नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर पाहून चमकू नकोस. सांगते आहे मी, लिहिते आहे ती; इस्पितळातून सुटल्यापासून ती माझ्याकडेच राहते. डाव्या हाताने मी आता चित्र काढते, पण पत्र लिहायला लागले की बोटं थकतात, आणि तिचं अक्षर माझ्याहून वळणदार आहे.

निकाल तुला कळलाच: सात वर्षं. कोर्टात त्याच्या वकिलाने पैलवानाला सदरा काढून साप दाखवायला लावले. पैलवानाने घाबरून बायकोकडे पाहिलं, तिने मान हलवली, मग त्याने दाखवले. न्यायाधीशबाईंनी वकिलाला विचारलं की गज कोणत्या सापाच्या हातात होता.

तू साक्षीला उभा राहिलास, धुलाईखान्याचंही सांगितलंस, नोकरी जाणार हे ठाऊक असून. मी पाहिलं. माफ केलं असं लिहीत नाही, कारण रोज सकाळी बोटं वाकवून बघते. पण जानेवारीत ये. वहिनीला घेऊन ये, दोन दिवस राहा. यापुढे माझ्या पत्रात मी असेन, वहिनी असेल, तुझा गुडघा असेल. गिऱ्हाईक नसेल.

ती म्हणते आहे की खाली चार ओळी स्वतःच्या लिहायच्या आहेत. मी वाचणार नाही.

माया आहे. जपून वापर.

बारकी

साहेब, तुम्ही साक्ष देत होता तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं नाही. माझी पाठ तुम्ही न पाहताच चारचौघांत वाचून दाखवलीत. तुमच्या बहिणीने ती दर खेपेला पाहिली आणि माझं नाव तुम्हालासुद्धा लिहिलं नाही. माझा राग आहे, तो राहील. तरी पत्रं पाठवत जा. तुमचं पत्र आलं की ती आतल्या खोलीत जाते, दार लावून घेते आणि एकटीच वाचते. मला कधी दाखवत नाही, आणि मीही मागत नाही.