उपाशी तळं

१२ फेब्रुवारी
चंद्रपूरच्या कोळशाच्या धुळीला एकदाचा रामराम ठोकला. एटापल्लीच्या पुढे, डोंगरावर, तळ्याकाठी एका निवृत्त गुरुजींचं कौलारू घर भाड्याने घेतलं आहे. भाच्याच्या मते माझं डोकं फिरलं आहे. उभी हयात नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला जंगलाची भीती घालू नये. नळाला तळ्याचं पाणी येतं, मोटर आहे. स्वयंपाकघराच्या छपरात एक काचेचं कौल आहे, दुपारी खाली उन्हाचा चौकोन पडतो. तिथेच खुर्ची मांडली.

१५ फेब्रुवारी
एनॅमलची पांढरी ताटली दोरीला बांधून तळ्यात सोडली. दोरी संपली तरी ताटली लख्ख दिसत होती. असं पाणी मी आयुष्यात पाहिलेलं नाही. दक्षिण काठाला ऐन-अर्जुनाची दाट झाडं आहेत. ती कुणी तोडत नाही, त्यामुळे पाण्यावर दिवसभर सावली असते. सकाळी गावातल्या बायका येऊन पाण्यात गळलेली पानं टोपल्यांनी काढून नेतात. उताराखालची शेजारीण बुधरी म्हणाली, या तळ्याले उपाशीच ठेवा लागते बाई, त्याले ऊन दाखवाचं नाई अन् खायाले द्याचं नाई. मी तिला सांगितलं की ऊन आणि खत मिळालं की पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती माजतात आणि पाणी हिरवं होतं. ती हसून म्हणाली, मंग तं आपलं दोघींचं जुळते. खायला दिलं तर काय होतं, हे मात्र मी विचारलं नाही.

३ मार्च
कुलदीप नावाच्या ठेकेदाराने तळं मासेमारीसाठी घेतलं आहे. दोन दिवसांत दक्षिण काठ बोडका केला. आज पाण्यात शेण आणि खताची पोती रिकामी करत होता, कमरेवर हात ठेवून. हे पाणी लोक पितात, असं सुनावलं. तर मलाच शिकवतो की पाण्याले ऊन अन् खुराक भेटला का मासा फुगते मॅडम, तुमी रिटायर झाल्या नं, आराम करा. तहसीलला तक्रार पाठवली. एक प्रत इंग्रजीत, म्हणजे निदान कुणीतरी दचकेल.

१९ मार्च
ताटली हातभर खाली जाताच दिसेनाशी होते. बायका टोपल्या घेऊन आल्या, काठावर उभ्या राहिल्या आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परत गेल्या. काल गावातली म्हैस पाण्यात उतरली ती वर आलीच नाही. आज तिथे गडद हिरवा डाग आहे, म्हशीच्या आकाराचा. जनावर कुजलं की पाण्याला खत मिळतं, तिथे हिरवं दाट होतं. हे मी कुठल्याही वर्गाला समजावून देईन. डागाला आलेली शिंगं मात्र मला समजावता येणार नाहीत.

२ एप्रिल
कुलदीप काल दुपारपासून बेपत्ता. मोटरसायकल काठावर. पोलिसांनी गळ टाकून पाहिले, काही सापडलं नाही. भर बारा वाजता पाण्यावर डाग दिसला. माणसाचा. कमरेवर हात ठेवलेला.
गाव आता खालच्या झऱ्यावरून पाणी आणतं, पण तो मे महिन्यात आटतो. बुधरी न्यायला आली, चाल बाई, माह्या घरी राहा म्हणाली. मी नाही म्हटलं. पोती बंद झाली आहेत. पावसापर्यंत एकही जीव पाण्यात गेला नाही, तर तळ्याला पुन्हा उपाशी राहावं लागेल आणि गावाला पाणी परत मिळेल. तळ्याची वाट माझ्या दारावरून जाते. तिथे मी बसेन.

११ एप्रिल
छत्री घेऊन वाटेत बसते. मासे न्यायला आलेल्यांना छत्रीच्या टोकाने परत धाडलं, गुरांनाही. गुरांना लवकर कळतं. आज ताटली थोडी खोलपर्यंत दिसली. उपासमार लागू पडते आहे.
फक्त, जे हिरवं उरलं आहे ते माझ्या समोरच्या काठाला गोळा होतं. मी जागा बदलली. तेही आलं.

१६ एप्रिल
नवा डाग. बाईचा. अंबाडा, हातात छत्री. आतून रिकामा, नुसती कड.
मोटर बंद केली. तरी नळ ओला, हिरवा —

१८ एप्रिल
अंगणात ऊन पडतं तेवढी जमीन हिरवी. सावलीत काही नाही. खिडक्यांना गोधड्या लावल्या. बुधरी खालून हाका मारत होती. ओरडून सांगितलं, वर यायचं नाही, कुणाला येऊ द्यायचं नाही. काऊन, असं कारण विचारलं तिने. म्हटलं, तू टोपली नीट करून ठेव, पाऊस झाला की पानं काढायची आहेत. रडत होती बहुतेक. रडायला काय झालं.

१९ एप्रिल
काचेचं कौल. विसरलेच.
चौकोन हिरवा आहे. उन्हाबरोबर सरकतो — खुर्चीकडे. ताटलीने कौल झाकायला स्टुलावर चढले — पडले. पाय हलत नाही. खुर्चीला टेकून बसले आहे.
माझ्यावर पोसलं तर पुन्हा माजेल. मग बुधरी, मग सगळं — नाही. मी खत होणार नाही.
ऊन कलेपर्यंतच टिकायचं आहे.
लहानपणी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, ताठ बसा. ताठ बसले आहे. ताटली पुढे धरली आहे.
बोटांवर आलं. गार. उन्हात गार —
छत्री उघडते. सावली पडली की मागे हटावं लागेल त्याला, मी इथून एक इंचही