तमोहरपेक्षा ओरिजिनल

२ ऑगस्ट
आज ग्रुपवर माझे मत टाकले. तमोहर हा नायक ओरिजिनल नाही. अनाथ मुलगा, तळहातावर खूण, दाढीवाला गुरू, चमकणारी तलवार, बोलका घोडा. हे सगळे आपण आधी कुठे ना कुठे ऐकलेले आहे. मत शुद्धलेखन तपासूनच टाकले.
ग्रुप म्हणजे 'तमोहर फॅन, पांढुर्णा-सौंसर'. संध्याकाळी गोष्टी ऐकायच्या ॲपवर तमोहरचा नवा भाग येतो, मग सगळे बोलतात. या दोन तालुक्यांत तमोहर माझ्याइतका मन लावून कोणी ऐकत नाही. म्हणून चुका काढायचा हक्क मला आहे.

३ ऑगस्ट
ॲडमिन वीरेंद्र (सौंसरला मोबाइल दुरुस्त करतो) याचे उत्तर आले. "नावं ठेवणं सोपं हाये बे. पोळ्यापर्यंत एक ओरिजिनल हिरो बनवून दाखव, नाहीतर ग्रुपमधून काढून टाकतो तुले."
त्याखाली अंगठ्यांची रांग. उर्वशीचाही अंगठा. ती लोधीखेड्याची. तिचा अंगठा मला प्रोत्साहनपर वाटला.
बी.ए. सोडल्यापासून माझ्याशी बोलणारे लोक फक्त या ग्रुपवर आहेत. पण त्याचा इथे संबंध नाही. नायक बनेलच.

५ ऑगस्ट
पद्धत ठरली. तमोहरमध्ये जे आहे ते माझ्या नायकात ठेवायचे नाही. आईवडील जिवंत. खूण नाही. गुरू नाही. तलवार, घोडा नाही. एका बैठकीत अर्धे काम झाले.
श्रीधरमामांच्या कृषी केंद्रात बिले बनवता बनवता हे केले. कपाशीवर फवारायला औषध मागणाऱ्याला तणनाशक दिले गेले. मामा बरेच बोलले. लेखकाला हे चालायचेच.

८ ऑगस्ट
पराक्रम सुचला. गोटमार! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा. इकडून पांढुर्ण्याचे, तिकडून सावरगावचे लोक दगड मारतात. माझा नायक त्या दगडांतून जाऊन झेंडा काढतो. पुण्या-मुंबईच्या लेखकाला हे जन्मात सुचणार नाही. नाव ठेवले गोटकेतू. ग्रुपवर टाकले.

९ ऑगस्ट
सावरगावच्या गुलाबने विचारले, हिरो कुठला? मी लिहिले, पांढुर्ण्याचा. तिथे चुकले.
गुलाबने लिहिले की आमचा झंडा कोणाचा बाप नेऊन नाही राहिला. पांढुर्ण्याच्या रोशनने त्याच्या बापावर उत्तर दिले. दिवसभर तेच. ओरिजिनॅलिटीवर कोणी एक शब्द बोलले नाही.
मामा सावरगावचे. त्यांच्यापर्यंतही पोचले. त्यांनी फक्त विचारले, भाचेबुवा, पगार कोणत्या काठावर घेता?

१२ ऑगस्ट
तोडगा सापडला. नायकाचे वडील पांढुर्ण्याचे, आई सावरगावची. इकडून दगड मारला तर मामाला लागतो, तिकडून मारला तर काकाला. म्हणून गोटमारीच्या दिवशी नायक घरीच बसतो.
केवढा अंतर्गत संघर्ष! घरी बसणारा नायक माझ्या तरी ऐकण्यात नाही.

१६ ऑगस्ट
झेंडा गेला, म्हणून गोटकेतू हे नावही गेले. आईला नाव विचारले. ती म्हणाली, ठेव काहीही, पहिले जेवून घे. म्हटले, नाव नंतर पाहू.
नायकाला पोटापाण्याचे काहीतरी हवे. राजे, सेनापती फार झाले. एका नातेवाइकाच्या दुकानात बसवला.

२० ऑगस्ट
नायक पूर्ण. संध्याकाळी टाकला. आता वीरेंद्रला माफी मागावी लागेल. मी मोठ्या मनाने माफ करणार आहे.

२१ ऑगस्ट
रोशनने लिहिले, हा तर तूच हायेस. डिंपलने हसण्याची चित्रे टाकली.
मी शांतपणे उत्तर दिले. हा मी आहे असे मानले, तरी माझ्यासारखा दुसरा नाही. म्हणजे नायक ओरिजिनल ठरला. मी जिंकलो होतो.
मग उर्वशीचा मेसेज आला. तिने मला उद्देशून लिहिलेला हा पहिलाच.
"याच्यासारखा एक आमच्या गल्लीत बी हाये. दिवसभर दुकानात बसते न तमोहरच्या चुका काढते."
पाठोपाठ सौंसरहून दोन निघाले. चंचलने आपल्या भावाचा फोटो टाकला. त्याचा भांगही माझ्यासारखाच आहे.

२२ ऑगस्ट, पोळा
तत्त्व म्हणून ग्रुप सोडायचे ठरवले. का सोडतो ते सविस्तर लिहिले, तपासले, पाठवायला गेलो. वीरेंद्रने मला आधीच काढले होते.

२३ ऑगस्ट, गोटमार
सगळे नदीवर. मी घरी.
संध्याकाळी तमोहरचा भाग ऐकला. एक चूक सापडली. मोठी आहे, अजून कोणाच्या लक्षात आली नसणार.
आईला सांगितली. ती म्हणाली, कोण तमोहर?