तात्यांचं गाऱ्हाणं आणि दुसरी डिस्क

१५ जानेवारी, गुरुवार
सं. वरच्या सावंतकाकूंकडे हळदीकुंकू. वाण म्हणून पेनड्राइव्ह. आत स्तोत्रं, आरत्या. मागच्या खेपेला डबे दिले होते ते बरे होते, असं मनात आलं. देवाचं आहे, म्हणून बोलले नाही. घरी येऊन संगणकाला लावला. विष्णुसहस्रनाम स्वच्छ, कुठे घाई नाही. आता रोज पूजेच्या वेळी हेच. पेनड्राइव्ह तिथेच खोचून ठेवला. काढून ठेवला की हरवतो.

१७ जानेवारी, शनिवार
बिल्डिंगची पूजा माघी पौर्णिमेला ठरली. कमिटीचे राणे सांगायला आले. तात्या होते तोवर पूजेचं गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे घालायचं मालवणी मागणं, त्यांचंच. गेल्या वर्षी ते जाऊन थोडेच दिवस झाले होते, आम्ही खाली उतरलोच नाही, कोणीतरी नुसता नारळ ठेवला. आता वर्षश्राद्ध झालं. राणे आमच्या यांना म्हणाले, वडिलांच्या जागी तुम्ही घाला. हे म्हणाले, माझ्याच्याने नाही व्हायचं, तात्यांचाच आवाज वाजवा, हिच्याकडे सगळी रेकॉर्ड केलेली आहेत. राणे खूश. स्पीकरवर लावू, अख्खी बिल्डिंग 'व्हय म्हाराजा' म्हणेल.
दु. संगणक उघडला. 'तात्या' नावाचं फोल्डर आहे. आत काही नाही.
बंद करून पुन्हा लावला. काही नाही.
फोनवर तर काहीच नाही. फोन भरला की मीच सगळं संगणकात टाकते आणि फोनमधून पुसते. महिन्याच्या महिन्याला पैसे भरून क्लाउड कशाला, घरची डिस्क आहे की, हे मीच लेकीला, वैशालीला ऐकवलं होतं.
यांना अजून सांगितलं नाही.

१८ जानेवारी, रविवार
वैशालीला मुलुंडला फोन. संगणक जुना झाला तेव्हा टाकून देऊ नका म्हणून तिनेच त्यात लिनक्स नावाची हलकी सिस्टीम घातली होती. म्हणाली, आत दोन डिस्क आहेत. छोटीवर मशीन चालतं, मोठीवर आपलं सामान. चालू होताना मोठी आपोआप जोडली जायला हवी, ती जोडली जात नाहीये. याला माउंट म्हणतात. फोल्डर म्हणजे नुसतं दार, खोली मागे लागलीच नाही तर दार उघडून काय दिसणार.
"काही गेलं नसणार आई, बहुतेक. तू फक्त कुठे हात लावू नकोस."
ऑफिसचं काम आहे तिला. पुढच्या रविवारी बघते म्हणाली.
यांना सांगितलं, तेवढं 'बहुतेक' सोडून. यांनी तात्यांच्या फोटोकडे पाहून पेपर उघडला.

२० जानेवारी, मंगळवार
दु. जेवणं झाल्यावर हे देवापुढे जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, फोन घे. मला वाटलं कोणाला लावायचाय.
"माझं गाऱ्हाणं घेऊन ठेव. ते नाहीच मिळालं तर राण्यांना द्यायला काहीतरी हवं ना."
लग्न झाल्यापासून यांच्या तोंडी मालवणी फक्त भांडताना ऐकली. आज हात जोडून,
"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी तुझी जी काय सेवा केली हा ती मान्य करून घे रे म्हाराजा." व्हय म्हाराजा म्हणायला मी एकटी. मधे हे अडले. छताकडे बघत राहिले. तात्या तिथे गावच्या देवांची नावं घ्यायचे, यांना पुढची आठवेनात. मग स्वतःचंच सुरू केलं, "ह्या बिल्डिंगीच्या रिडेव्हलपमेंटात जो कोण खोडो घालता, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा."
मला हसू आलं. फोन हलला. म्हणाले, हसतेस काय, तात्यांनी पंपाच्या मोटारीसाठी घातलं होतं ते चाललं.
खरंच घातलं होतं. मोटार चाललीसुद्धा.
संगणकात 'तात्या' फोल्डरमध्येच ठेवलं. वै.ने हात लावू नको म्हटलं होतं, पण एवढंसं ठेवलं तर काय होतं. फोनमधून पुसलं. हे म्हणाले, कोणाला ऐकवू नकोस.

२२ जानेवारी, गुरुवार
माघी गणपती. उकड सैल झाली, मोदक बसके. देवाने गोड मानून घेतले असतील. जिन्यात राणे भेटले, आवाज पेनड्राइव्हमध्ये द्याल ना म्हणाले. हो म्हटलं. आजच्या दिवशी खोटं बोलले का? अर्धं. गणपतीला सांगून ठेवलंय, दुसरं अर्धं तू बघ.

२५ जानेवारी, रविवार
रथसप्तमी. सकाळी दूध उतू घातलं, पूर्वेकडून गेलं. बरं वाटलं.
वै. येणार होती, पण नातवाला ताप. व्हिडिओ कॉलवर बसलो. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून. ती सांगते तसं एकेक टाइप केलं. आतल्या डिस्कची यादी आली. मोठी आहे. भरलेली दाखवते. भरलेली! चष्मा काढून पुसला.
मग जोडली का जात नाही? वै. वैतागली. मागच्या महिन्यापर्यंत चालत होतं, काय बदललं? काहीच नाही म्हटलं. मशीनचं तोंड दाखव म्हणाली. दाखवलं.
"ते काय खोचलंय?"
वाण.
कपाळाला हात लावून हसली. तिने आत लिहून ठेवलं होतं की दुसरी डिस्क ती आपली, तिला जोड. पेनड्राइव्ह लावूनच मशीन चालू झालं की तो मधे शिरतो, आपली तिसरी होते. पंगतीत दुसऱ्या पाटावर मामा आहेत, त्यांना वाढ असं सांगितलं आणि मधे दुसराच कोणी येऊन बसला, तसं. वाढपी बघतो, हे काही मामा नव्हेत, आणि पातेलं घेऊन परत जातो. मामा उपाशी. मी म्हटलं, मग तक्रार तरी करायची मशीनने. तर तेही हिनेच लिहिलेलं, नाही जोडली गेली तर अडू नकोस, गप्प पुढे जा. मी घाबरू नये म्हणून.
आता पाटावरून ओळखायचं नाही. प्रत्येक डिस्कला स्वतःचा कायमचा लांबलचक नंबर असतो, तो लिहायचा. लिहिला. बंद करून चालू केलं. फोल्डरमध्ये मी मंगळवारी ठेवलेलं यांचं तेवढं एकच. तात्या नाहीत. वै. म्हणाली, नंबर पुन्हा वाच, मोठ्याने. पासबुक वाचते तसा बोट ठेवून वाचला. नंबरात अक्षरंही असतात, इंग्रजी बी होता तिथे मी सहा लिहिला होता. सुधारला. पुन्हा चालू, पेनड्राइव्ह मुद्दाम तसाच ठेवून.
तात्या. ओळीने सगळी वर्षं.
एक लावलं. सुरुवातीचा तो खाकरा, मग "बा देवा म्हाराजा". हे दाढी अर्धी टाकून बाहेर आले. दारातच उभे राहिले. 'व्हय म्हाराजा' दोघं एकदमच म्हणालो. फोनमधून वै.सुद्धा.
देवापुढे साखर ठेवली.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदन करून आल्यावर पुन्हा बघितलं. तात्यांची सगळी आहेत. यांचं नाही. काल तर तेवढंच दिसत होतं!
यांना सांगितलं. म्हणाले, बरं झालं, ब्याद गेली. चहा घेताना म्हणाले, खरंच गेलं? मी भाजी निवडत होते तिथे येऊन पुन्हा, "नीट बघितलंस?"
वै.ला फोन. हात लावू नको म्हटलं होतं ना, हे आधी ऐकून घेतलं. मग म्हणाली, गेलं नाही, खाली आहे. मोठी डिस्क जोडलेली नव्हती तेव्हा ठेवलंस, ते छोटीवर गेलं. आता मोठी वर येऊन बसली.
म्हणजे चटईवर सतरंजी अंथरली. चटई दिसत नाही, असते.
"हो आई, तेच."
यांना तेच सांगितलं. असू दे खाली, म्हणाले. पण भात मागून घेतला.

२९ जानेवारी, गुरुवार
एकादशी. दु. जरा पडले होते. बाहेरच्या खोलीत तात्यांचा आवाज, अगदी बारीक. हे संगणकापुढे. थांबवतात, मागे नेतात, पुन्हा लावतात. गावच्या देवांची नावं येतात तेवढाच तुकडा. ओठ हलत होते. मी कूस बदलली.

३१ जानेवारी, शनिवार
वै. आली, नातू बरा आहे. मोठी डिस्क जरा बाजूला केली. खाली यांचं तेवढं एकटं होतं, जसं ठेवलं तसं. ते नीट जागी घेतलं, डिस्क परत जोडली, दोनदा बंद-चालू करून बघितलं. आपोआप लागते. दोघांचीही एकेक प्रत वाणाच्या पेनड्राइव्हमध्ये. सावंतकाकूंना मनातल्या मनात नमस्कार केला, डब्यांचं मनात आलं होतं म्हणून.
वै.ने यांचं ऐकलं. रिडेव्हलपमेंटला फिसकन हसली. मग म्हणाली, "बाबा, उद्या तुम्हीच घाला ना. तात्या कुठे जात नाहीत आता."
हे म्हणाले, घसा बसलाय.

१ फेब्रुवारी, रविवार
पौर्णिमा. खाली मांडव झाला, केळीचे खांब लागले. राणे दोनदा येऊन गेले, स्पीकरवाला थांबलाय म्हणून. देते म्हटलं, पूजा तर होऊ दे. पेनड्राइव्ह माझ्या कमरेला खोचलेला. मागितला की देईन.
सकाळी यांनी तात्यांचं उपरणं मागितलं. दिलं. खांद्यावर घेतलं, काढलं, खुर्चीवर ठेवलं. अजून तिथेच आहे.
खालून शंख ऐकू आला, जायला हवं. हे आत मिठाच्या पाण्याने गुळण्या करतायत. मघापासून.