एक वजा

८ ऑक्टोबर, बुधवार

पाहिलं गुडघा, लिहिलं कंबर. वारा जमिनीवरून, मंद. ओहोटी साडेनऊला.

मुख्य जीवरक्षकांनी, म्हणजे आमच्या शिट्टीसाहेबांनी, आज सूचना लावली. माझ्या फळ्याला खेटून, आणि वर माझ्याच टाचण्या वापरून! जीवरक्षकांची परीक्षा येत्या रविवारी सकाळी आठला. खाली सहा नावं, त्यात तिसरं नाव आमच्या खारूचं. पोटच्या पोरीने अर्ज भरल्याचं मला भिंतीवर वाचून कळतं. घरात कोणी काही सांगेल तर शपथ.

जेवताना विचारलं. मान वर न करता म्हणाली, "वीस तारखेला मला पंचवीस पूर्ण होतात, आई. त्यानंतर अर्ज घेत नाहीत. ही शेवटची संधी आहे." मग पाणी पीत, अगदी सहज, "रविवारी फळ्यावर डोकं लिहू नकोस म्हणजे झालं."

झालं म्हणे! नियम मला तोंडपाठ आहे. लाट कंबरेइतकी असेल तर पोहत लांबच्या तरंगत्या लाल पिंपाला हात लावून यायचं. छातीइतकी असेल तर जवळच्या पिवळ्या पिंपाला. डोक्याइतकी असेल तर परीक्षा रद्द, पुढच्या वर्षी या. खारूला पुढचं वर्ष नाही. आणि घोटा, गुडघा, कंबर, छाती की डोकं, हे ठरवायचं काम एकवीस वर्षं माझं. लाटांवर उभं राहायच्या फळ्या भाड्याने देते मी, पण किनाऱ्यावर मला ओळखतात ते त्या काळ्या फळ्यामुळे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पाहिलं कंबर, लिहिलं छाती. वारा तोच.

सकाळी एक नवा पाहुणा फळी काखेत मारून आला. मला म्हणतो, "एवढा वेळ काय बघता बाई, समुद्र समोरच तर आहे." समोरच आहे, हो. पण लाटा रांगेने येतात. पाच-सहा मोठ्या, मग समुद्र दहा-पंधरा मिनिटं असा साळसूद चेहरा करून बसतो की वाटावं तळंच आहे. म्हणून मी स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अर्धा तास पायरीवर बसते. फळीवर कोणी उभं राहिलं की लाट त्याच्या कुठवर पोचते ते बघते. सगळ्यात मोठ्या तीन धरते. मग खडूने लिहिते.

आणि लिहिलेलं पुसून एक पायरी वरचं लिहिते. हे फक्त या वहीला माहीत आहे.

सहा वर्षं झाली. त्या सकाळी मी वीसच मिनिटं बसले होते. दूध गॅसवर ठेवून आले होते, ते उतू जाईल म्हणून उठले. कंबर लिहिलं आणि पळाले. छोट्या त्यानंतर पाण्यात उतरला. माझा धाकटा भाऊ, सहा फुटी, तरी सगळ्यांचा छोट्याच. मागून खरी रांग आली आणि त्याला खडकावर नेऊन आपटलं. डावा पाय आजही गुडघ्यात वाकत नाही. दूध वाचलं.

त्यानंतर कधी खरं लिहायची छाती झाली नाही. एखादा उगाच घाबरून घरी बसला तर बसू दे, त्याचे पाय तर शाबूत राहतील.

छोट्या माझ्याच शेडमध्ये फळ्यांना मेण घासतो. दिवसभर बडबड. पण फळ्याचा विषय निघाला की काठी उचलतो आणि बाहेर जातो. सहा वर्षांत एकदाही म्हणाला नाही की ताई, तू काय लिहिलं होतंस. एकदा म्हणाला असता तर बरं झालं असतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पाहिलं कंबर, लिहिलं छाती. आभाळ स्वच्छ, पण लाटांमधलं अंतर वाढलंय. लांबून काहीतरी येतंय.

रेडिओने दुपारी तेच सांगितलं. खोल समुद्रात वादळ, इकडे येणार नाही, पण त्याची उसळी शनिवारी संध्याकाळपासून लागेल. म्हणजे रविवारी छाती. माझा हिशेब सहसा चुकत नाही.

म्हणजे मी रोजच्यासारखं लिहिलं तर डोकं. परीक्षा रद्द. पोरगी घरी, सुखरूप, आणि जन्मभर माझ्यावर डूख धरून. खरं लिहिलं तर ती छातीभर लाटेत. पिवळं पिंप तसं जवळ आहे. तिला जमेल. जमेल ना? तिच्या मामालाही जमणारच होतं.

ह्यांना विचारलं. हे एका मोडक्या फळीची भेग बुजवत होते. म्हणाले, "तू बघशील ते लिही." मी काय करते ते ह्यांना ठाऊक असेल का? चेहऱ्यावरून काही कळेल तर तो माणूस कसला.

११ ऑक्टोबर, शनिवार

पाहिलं कंबर, लिहिलं छाती. उद्या जे पाहीन तेच लिहीन. ठरलं. वही साक्षीला आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी सात

पाहिलं छाती. लिहिलं छाती.

अर्ध्याऐवजी पाऊण तास बसले. तिन्ही मोठ्या लाटा छातीपर्यंत, त्यावर नाही. खडू ठेवला तरी हात पुसण्याकडे जात होता. मुठी आवळून शेडमध्ये आले.

रविवार, दुपारी



पावणेआठला साहेब आले. फळा वाचला. समुद्राकडे पाहिलं, दोन मिनिटंसुद्धा नसतील, आणि नेमका तेव्हा समुद्र आपला साळसूद चेहरा करून बसलेला. मग सहाही जणांना म्हणाले, "काकूंनी छाती लिहिलंय. म्हणजे कंबर. लाल पिंप." पोरं हसली. जुना विनोद ऐकल्यासारखी हसली आणि साहेबांमागून खाली वाळूकडे गेली.

मला कळेना. छोट्याला विचारलं, "छाती म्हणजे कंबर कसं?"

तो म्हणाला, "ताई, अख्खा किनारा तुझा फळा एक वजा करून वाचतो. किती वर्षं झाली. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, काकूंचा फळा, एक वजा. तुला खरंच माहीत नव्हतं?"

पायाखालची वाळू सरकली. मी म्हणाले, "छोट्या, आज मी वाढवलं नाही."

 काठी टाकून तोच आधी उठला. पण त्याच्या ताठ पायाने आणि माझ्या गुडघ्यांनी किती धावणार? आम्ही पायऱ्यांवर असतानाच शिट्टी वाजली. मी ओरडत होते, पण वारा जमिनीवरून असला तरी लाटेच्या आवाजापुढे माझा घसा काय पुरणार. सहाही डोकी लाल पिंपाच्या दिशेने निघाली होती. खारूची निळी टोपी चौथी.

आणि मग रांग आली.

पहिल्या लाटेखालून सगळे सटकले. दुसरीनंतर पाचच डोकी. सुताराचा मुलगा दिसेना. निळी टोपी पिंपापासून दहा हातांवर होती, दहाच. ती थांबली. मागे वळून बघितलं तिने. मी मनात म्हणत होते, जा, हात लाव आणि ये. खरंच म्हणत होते, लाज वाटते पण लिहिते. ती वळली. फेसात गेली. तिसरी लाट दोघांवरून गेली आणि मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. सतरापर्यंत मोजलं. अठराला निळी टोपी वर आली, बगलेत त्याची मान धरून.

इतरांना साहेबांच्या होडीने आणलं. सुताराचा मुलगा वाळूवर पालथा पडून समुद्र ओकला आणि मग आईला हाक मारून रडला. तो ठीक आहे. सगळे ठीक आहेत.

खारूने टोपी पिळली आणि मला म्हणाली, "मला माहीत होतं आज खरी छाती आहे."

"कसं?"

"खाली पुसलेलं काही नव्हतं. रोज तू आधी खरं लिहितेस, मग बाहीने पुसतेस. नीट पुसतच नाहीस तू. मी रोज खालचंच वाचते." मग म्हणाली, "साहेबांना सांगितलं मी. ते म्हणाले, आईची बाजू घेऊ नकोस."

साहेबांनी वहीत सहाही नावांपुढे लिहिलं, पिंपाला स्पर्श नाही. नापास.

१३ ऑक्टोबर, सोमवार

पाहिलं छाती. काहीच लिहिलं नाही. खडू धरवला नाही.

साहेबांकडे गेले. त्यांच्या त्या एका खिडकीच्या खोलीत, ओल्या दोरांच्या वासात, उभीच राहिले. म्हणाले, "सगळ्यांना माहीत होतं, तर मला एकाने का सांगितलं नाही?"

ते चष्मा पुसत राहिले. "तुम्हाला वाईट वाटलं असतं, काकू."

वाईट वाटलं असतं! माणूस बुडायची वेळ आली तरी काकूंना वाईट वाटायला नको. मला हसू आलं आणि तिथेच डोळ्यांना पाणीही आलं.

मग ते कामाचं बोलले. समुद्र चुकीचा वाचला गेला असेल तर परीक्षा रद्द धरून आठवड्यात पुन्हा घेता येते. पण चूक कशी झाली ते लेखी हवं. स्वतःचं पत्र ते देणार, फळ्यावर छाती असूनही दोनच मिनिटं पाहून कंबर ठरवलं म्हणून. माणूस सरळ आहे. "पण तुमचंही लागेल," म्हणाले. "आणि तुम्ही लिहून दिलंत की किनारा समिती फळा तुमच्याकडे ठेवणार नाही." ते त्यांनी खाली बघून सांगितलं.

एकवीस वर्षं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लिहून दिलं. तीन कागद फाडले, चौथा ठेवला. "सहा वर्षांपूर्वी मी घाईत कंबर लिहिले. त्यावर विसंबून माझा भाऊ पाण्यात उतरला व कायमचा अधू झाला. तेव्हापासून मी पाहिले त्याहून एक पायरी वर लिहीत आले. रविवारी प्रथमच खरे लिहिले. हे कोणालाही सांगितले नाही, ही माझी चूक."

साक्षीदाराची सही हवी होती. हे गावाला गेलेले. राहिला छोट्या. त्याने कागद वाचला. पुन्हा वाचला. त्याचे कान लाल झाले. पेन हातात धरून इतका वेळ बसला की मला वाटलं आता तरी बोलेल, आता तरी शिव्या घालेल. सही केली आणि चहा तसाच टाकून निघून गेला.

काल-परवापर्यंत मला वाटायचं, तो मनातून मला कधीच माफ करणार नाही. आज खात्री झाली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

फळा कोरा. मी घरी. छोट्या कामाला आला नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

साहेबांनी स्वतः अर्धा तास बसून लिहिलं. घड्याळ माझंच मागून नेलं. छाती. पिवळं पिंप.

मी किनाऱ्यावर गेले नाही. गच्चीवरून पाहिलं, कठड्याला धरून. निळी टोपी दुसरी गेली, पिवळ्याला लागली, पहिली परतली. बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांत मी कठड्याचा रंग नखांनी खरवडून काढला.

पास! ओल्या कपड्यांनी घरभर पाणी करत आली आणि मला मिठी मारली. मी ओरडले, फरशी बघ काय केलीस. मग रडले. फळा आता ड्युटीवरच्या जीवरक्षकाने लिहायचा, असं समितीने ठरवलं. म्हणजे एक तारखेपासून आठवड्यातले दोन दिवस खारू. म्हणाली, "तू शेजारी बस. घड्याळ तू लाव."

सगळे येऊन गेले. छोट्या आला नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी दार उघडलं तर पायरीवर छोट्या. कधीपासून बसला होता कोण जाणे. माझ्याकडे न बघता बोलला.

"ताई, त्या दिवशी मी खडकांकडच्या वाटेने उतरलो होतो. फळा वाचलाच नव्हता. न वाचता गेलो, याचीच लाज वाटायची, म्हणून बोललो नाही. तू कंबर लिहिलं होतंस, हे मला मंगळवारी तुझ्या कागदावर कळलं."