आतल्या चुलीवर

आत्याबाई, तुमच्या स्वयंपाकघरात आज मी डुकराचं मटण शिजवलं. काय बोलायचं ते बोला, पण आधी ऐकून घ्या.

तुमची नातसून आसामची आहे. तिसरा महिना लागला अन् पोरीच्या पोटात अन्न ठरेना. भाकर नको, वरण नको, तुमच्या लेकानं दिग्रसहून आणलेली संत्री नकोत. माहेर इतकं दूर, अन् डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला मनाई केलेली. आणखी दोन दिवस असंच राहिलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल म्हणाल्या. माझा जीव टांगणीला. काल शेताच्या धुऱ्यावरची अंबाडी खुडून आणली, तर पोरगी एकदम उठून बसली. "आई, ये तो हमारे घर भी होता है! पोर्क में डालते हैं." बोलली अन् जीभ चावून भिंतीकडं तोंड केलं.

या घराचा नेम तिलाही ठाऊक आहे. मटण बाहेर, अंगणातल्या तीन दगडांवर; त्याचा शिजवायचा गंज अन् ढवळायचा सराटा गोठ्याच्या खुंटीला. अन् डुकराचं तर नावही नाही. मी तुमची नवी सून होते तेव्हा बाहेरचा रस्सा ढवळता ढवळता आत आले अन् तोच सराटा वरणात घातला. तुम्ही कडाडलात, "आँ? मटनाचा सराटा वरनात? डोकं ठिकानावर हाय का नाई वं तुयं?" पातेलंभर वरण उकिरड्यावर गेलं अन् मी रडत रडत चूल सारवली. खरं सांगू, किती वर्षं तुमचा राग आला मला.

आज तुमचा लेक यवतमाळहून एसटीनं मटण घेऊन आला, चार पिशव्यांत गुंडाळून. बसमधे कोणी विचारलं तर काय सांगायचं, याच धास्तीत पूर्ण रस्ता उभा होता म्हणे. पिशवी माझ्या हाती दिली अन् हळूच म्हणाला, "बाहेर पेटवू काय चूल?" बाहेर गार वारा सुटलेला, पोरगी ओट्याजवळ पाटावर बसून. मी म्हटलं, "राहू द्या. आतच करते."

गॅस मोठा केला. ती सांगते अन् मी करते. पातळ पातळ काप, तेलाचा थेंब नाही, त्याचीच चरबी सुटू द्यायची. ती चरचर ऐकली अन् मी आधी मागचं दार लावून घेतलं. लसूण, आलं, हिरवी मिरची, मग मूठमूठ अंबाडी. एकेक काप मोडून पाहिला, कच्चा राहिला तर पोटुशीला बाधायचा. अर्ध्या तासात झालं. आपल्या रश्श्याला दुपार लागायची, आत्याबाई.

दार लावतानाच तुम्ही आठवलात, पण रागावलेल्या नाही. मलाही दिवस गेले होते अन् मी अशीच वाळून चालले होते. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या तुम्ही, आतल्या चुलीवर, वरणाच्या शेजारी, अंडं उकडायला ठेवलंत. तोंड फिरवून सोललंत, टरफलं खताच्या खड्ड्यात पुरलीत. "चूप खाय. चूल काई बोलत नाई कोनाजोळ." मग जाऊन डोक्यावरून अंघोळ केलीत. सराट्याची गोष्ट मी गावभर सांगितली अन् अंड्याची कोणालाच नाही. तुम्हीच तसं बजावलं होतं म्हणा.

पोरीनं ताटभर भात खाल्ला. वरून बोटं चाटली. मी मोरीकडं कान लावून बसले, आता उलटी होते, मग होते. झाली नाही. आता ती झोपली आहे, अन् मी किती दिवसांनी पाठ टेकली. आत्याबाई, इतकं हलकं वाटून राहिलं!

तुम्ही गेलात तिथं पत्र कसं टाकायचं ते तर माहीत नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवते. एक सांगायचं राहिलं. कढई तुमचीच घेतली, लोखंडाची, बेसन करायची. अन् चव पाहायला एकच काप खाल्ला असं तुमच्या लेकाला सांगितलं आहे. तीन खाल्ले.